डांबर लावलेली कालवड

४ मार्च, मंगळवार

चौकीवर एक सरकारी वही आहे. किती गाड्या आल्या, किती जनावरं तपासली, किती परत पाठवली, सगळं तिच्यात लिहायचं. ती मोठे साहेब बघतात. ही वही माझी. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का?" मी हो म्हटलं. मूलबाळ नाही, पण उगाच कोण सांगत बसेल.

चौकी म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छत आणि रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा. वरच्या भागात जनावरांच्या जखमांत अळ्या पडायची साथ आहे. खालचा भाग अजून स्वच्छ आहे. वरून आलेलं प्रत्येक जनावर गाडीतून उतरवायचं, लोखंडी पट्ट्यांच्या अरुंद गल्लीतून चालवायचं, एका बाजूने मी बघायचं, दुसऱ्या बाजूने मामांनी. मामा म्हणजे इथले शिपाई. मग शिक्का मारायचा किंवा गाडी मागे फिरवायची. मोठे साहेब म्हणाले, "तुमच्याइतका मुरलेला निरीक्षक खात्यात दुसरा नाही." एकतीस वर्षं झाली, मुरणारच. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली आहेत.

चौकीपासून खाली बारा किलोमीटरवर ताई राहते. तिच्या अकरा गायी आहेत. तिने लग्न केलं नाही, गायी केल्या, असं तीच सांगते. ती एकसष्ट वर्षांची, मी पंचावन्नचा, तरी मला अजून छोट्या म्हणते. साथ खाली उतरली तर पहिला गोठा तिचाच लागेल.

६ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई शिकवायला आल्या होत्या. वयाने लहान, पण बोलणं स्वच्छ. लिहून घेतलं ते असं:

साधी माशी घाणीवर आणि मेलेल्या मांसावर बसते. ही माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. गोचिडाने चावलेलं, खरचटलेलं, वासराची ओली बेंबी, काहीही चालतं. अळ्या मांस खात आत जातात. सहा-सात दिवसांत पोट भरलं की आपणहून खाली पडतात आणि मातीत शिरतात. मग जखमेचा वास जातो, ती सुकायला लागते, मालक खूश होतो. दोन आठवड्यांत त्याच मातीतून माशा वर येतात. "जखम बरी वाटली की जनावर सोडून जमिनीकडे बघा," बाई म्हणाल्या.

आणखी एक नियम सांगितला. मालकाने पहिलं लक्षण दिसल्याबरोबर खात्याला कळवलं तर गोठ्यावरच उपचार होतात, जनावरं त्याच्याकडेच राहतात. लपवलं तर सगळी जनावरं खातं घेऊन जातं आणि ती परत मिळत नाहीत.

शेवटी बाई म्हणाल्या की डोळ्यांच्या आधी वासाने कळतं. गोडसर, कुजका वास. एकदा घेतला की माणूस जन्मात विसरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मला वास येत नाही. कसलाच येत नाही. बायको गेल्यापासून येत नाही, म्हणजे चौदा महिने झाले. दवाखान्यात एसी फार थंड ठेवलेला होता, हिच्या खाटेशी मी अकरा दिवस बसून होतो, तेव्हा सर्दी नाकात मुरली असणार. नाकाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं, म्हणाला आत सगळं ठीक आहे. म्हणजे त्याला काही कळलं नाही.

खात्यात कोणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्षांचा माणूस डोळ्यांनी काम भागवू शकतो.

११ मार्च, मंगळवार

नऊ गाड्या. दोन परत.

मामांना खाकरायची वाईट खोड आहे. तासन्‌तास गप्प असतात आणि मधेच असे खाकरतात की गल्लीतलं जनावर बिचकतं. आज एका बैलाच्या मागे उभं राहून तीनदा खाकरले. मी वैतागून बघायला गेलो तर शेपटीखाली बोटभर जखम, आत अळ्या वळवळताना स्पष्ट दिसल्या. गाडी परत पाठवली. मामांना म्हटलं, "घशाचं एकदा दाखवून घ्या." ते म्हणाले, "बघू साहेब, धूळ फार आहे ना."

दुपारी परत तसंच. म्हातारी गाय, कानामागे जखम. मामा खाकरले म्हणून मान वळवली, नाहीतर निसटलीच असती. योगायोग म्हणायचा.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी घरमालकीण दार बडवत होती. गॅस चालू राहिला होता, जिन्यापर्यंत वास गेला म्हणे. मी आत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. तिने खिडक्या उघडल्या, शेगडी बंद केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, काही मनात आणू नका हो असलं." मला आधी कळेचना काय मनात आणू नको ते. मग कळलं. तसं काही नव्हतं. तिला समजावत बसायचा कंटाळा आला म्हणून "बरं" म्हटलं.

सगळे म्हणतात मी खंबीर आहे. ही गेली त्या दिवशी मीच सगळ्यांना फोन केले, आलेल्यांना मीच पाणी दिलं. हिच्या भावाला मी सावरलं. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. यात खंबीर कसलं, येत नव्हतं म्हणून आलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

मामा दोन दिवस रजेवर आहेत. दाढ काढायची आहे. रजा मागताना चारचारदा म्हणाले, "साहेब, पुढच्या आठवड्यात गेलो तरी चालेल. तुम्ही एकटे पडाल." मीच म्हटलं, "जा हो. एका दाढेपायी साथ थोडीच पसरणार आहे." बदली माणूस मागितला होता, आला नाही.

दुपारी चौदा कालवडींची गाडी आली. ड्रायव्हरने तोंडानाकाला रुमाल घट्ट बांधला होता. आजकाल सगळ्यांनाच धुळीचा त्रास. कालवडी तरतरीत होत्या. एकीची शिंगं नुकतीच काढलेली, डोक्यावर डांबर थापलेलं. ती मान खाली घालून सारखी डोकं झटकत होती. नियमाप्रमाणे डांबर खरवडून आत पाहायला हवं. मी हात लावला तशी तिने लाथ झाडली. ड्रायव्हर लांबूनच म्हणाला, "परवाच काढलीत शिंगं, डॉक्टरांनीच डांबर लावलंय." डांबर व्यवस्थित दिसत होतं, कुठे पू नाही, कुठे ओल नाही. मागे तीन गाड्या उभ्या होत्या, हॉर्न वाजत होते.

शिक्का मारला. खरवडायला हवं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

२० मार्च, गुरुवार

ताईचा फोन. बाजारातून कालवड घेतली. फार दिवस तिच्या मनात होतं. म्हणाली, "कागदावर तुझा शिक्का बघितला आणि डोळे मिटून घेतली. दुसऱ्या कोणाचा असता तर मी चार वेळा फिरवून पाहिली असती."

मी विचारलं, "डोक्याला डांबर आहे का?"

"आहे की. तुला कसं कळलं?"

म्हटलं, लक्षात राहिली होती. आता तिच्या बारा झाल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी सातलाच ताईचा फोन. "छोट्या, तिच्या डोक्याला कसलातरी घाण वास येतोय रे. मला नाही बरं वाटत. येऊन बघतोस का?"

मी म्हटलं, "डांबराचा असेल."

"डांबराचा वास मला कळत नाही का? हा वेगळा आहे. गोडसर आहे काहीतरी."

"ताई, मी स्वतः पाहिली आहे तिला."

ती म्हणाली, "तू पाहिलीस ना? मग झालं."

फोन ठेवल्यावर चहा केला. दूध नासलं असावं, कपात कण दिसत होते. प्यायलो. जायला हवं होतं. बारा किलोमीटर म्हणजे काही परदेश नाही. पण गेलो असतो तर तिने जनावराच्या डोक्याशी नाक न्यायला लावलं असतं आणि विचारलं असतं, सांग कसला वास आहे. मी काय सांगणार होतो?

२६ मार्च, बुधवार

ताई म्हणाली वास गेला. डांबर आपोआप सुटलं, जखम सुकतेय, कालवड वैरण खातेय. "तुझंच खरं निघालं," म्हणाली. मी म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं का.

आठवडाभर डोक्यावर काहीतरी बसलं होतं, ते उतरलं. मामांची दाढ निघाली, गाल अजून सुजलेला आहे, पण खाकरणं सुरू झालं. आज एक म्हैस परत पाठवली.

५ एप्रिल, शनिवार

ताईच्या गोठ्यात निळसर, चकाकत्या माशा दिसतात म्हणे. मी म्हटलं, "गोठ्यात माशा नाही तर काय फुलपाखरं असणार?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसवलं.

७ एप्रिल, सोमवार

ताईच्या थोरल्या गायीला वासरू झालं. पाडी आहे. कपाळावर पांढरा ठिपका. ताईने फोनवर तिचं हंबरणं ऐकवलं. मला आनंद व्हायला हवा होता. "छान" म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ताईने फोन केला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. पाडीच्या बेंबीत किडे पडले आहेत, लगेच ये, एवढंच म्हणाली. मामांना चौकी सांभाळायला सांगून गेलो.

पाडी कुशीवर पडली होती. बेंबीच्या जागी मुठीएवढं भोक. ताईने पदर नाकातोंडाला बांधला होता, तरी दोनदा बाहेर जाऊन ओकून आली. मी बसलो, चिमटा घेतला आणि एकेक काढत गेलो. अळ्या घट्ट धरून बसतात, ओढाव्या लागतात. त्र्याण्णव निघाल्या. दहा बाटलीत घातल्या, बाकी मारल्या. ताई दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुला काहीच कसं होत नाही रे? इथे उभं राहवत नाही."

मी म्हटलं, "मला वास येत नाही, ताई."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझा चेहरा पाहिला आणि पालथ्या बादलीवर बसली. "कधीपासून?"

"ही गेली तेव्हापासून. सर्दीने."

"म्हणजे मी फोनवर सांगत होते, घाण वास येतोय..."

"हो."

"मला सांगायचंस तरी."

"तुला काय सांगणार?"

"मला नाही तर कोणाला सांगणार होतास रे? आणि सर्दी म्हणे. पंधरा महिने कोणाला सर्दी असते?" ती खूप रागावली होती. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलो होतो तेव्हा अशी रागावली होती, मारलंही होतं. आज मारलं नाही. उठून आत गेली.

पाडी चारच्या सुमाराला मेली. थोरली गाय अजून तिला चाटत होती. कालवड दाव्याला उभी होती, डोक्याची जखम बरी झालेली, केस उगवायला लागलेले. तिच्या पायाखालच्या मातीकडे पाहिलं तेव्हा सहा मार्चला लिहून घेतलेलं आठवलं. मीच लिहिलं होतं, माझ्याच हस्ताक्षरात.

खात्याला कळवलं, बाटली प्रयोगशाळेत पाठवली. ताईने जेवायचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि गोठ्यात गेली.

१२ एप्रिल, शनिवार

मोठे साहेब कागद घेऊन गोठ्यावर आले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, अळी तीच आहे. साहेबांनी ताईला विचारलं, "पहिलं लक्षण कधी दिसलं?"

"काल. पाडीला."

"त्याआधी कालवडीला? तिच्या पायाखालच्या मातीत माशीचे रिकामे कोष सापडलेत. जखम, पू, वास?"

ताई म्हणाली, "वास आला होता. गेल्या महिन्यात. मी लक्ष दिलं नाही."

"बाई, तुमचा सख्खा भाऊ याच खात्यात. त्याला सांगितलं नाहीत?"

"त्याला कशाला सांगायचं? त्याच्या मागे आधीच काय कमी आहे?"

मी तिथेच होतो. हातात औषधाची बाटली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. साहेबांनी लिहून घेतलं आणि तिने सही केली. साहेब माणूस वाईट नाहीत, अवघडून म्हणाले, "मग नियमाप्रमाणे सोमवारी दुपारी गाडी येईल. सगळी जनावरं न्यावी लागतील." ताई म्हणाली, "बरं." कालवड चौकीतून कशी सुटली याची चौकशी वेगळी होईल, म्हणाले. पण शिंगं काढल्याची जखम होती, मागाहून खालीच कुठे माशी बसली असेल, असंही होऊ शकतं, असं तेच म्हणाले. मी मान डोलावली.

ते गेल्यावर ताई म्हणाली, "तू गप्प बसायचंस. अडीच वर्षं राहिलीत तुझी. नोकरी गेली तर त्या खोलीत एकटा बसून काय करशील? गॅसचं मला तुझ्या घरमालकिणीने सांगितलंय."

"आणि गायी?"

"माझे गुडघे गेलेत. तशाही विकणारच होते."

असेलही. मागे एकदा म्हणाली होती गुडघ्यांचं.

संध्याकाळी मामा सायकलवरून आले. ताईला नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, माझं चुकलं. मी दाढेला जायलाच नको होतं. मला माहीत होतं तुमचं, तरी गेलो." मी विचारलं काय माहीत होतं, तर "तेच, एकटे पडाल ते" म्हणाले आणि डोळे पुसले. भोळा माणूस. सगळं आपल्या दाढेवर घ्यायला निघाला.

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा ताईकडे गेलो. ती सकाळपासून गायी धूत होती. एकेकीला बाहेर आणायची, पाठ घासायची, खूर साफ करायची, कानांत बोट घालून मळ काढायची. मी म्हटलं, "आता कशाला? उद्या तर जाणार." ती म्हणाली, "तिकडे कोण धुणार आहे त्यांना?"

मी बादल्या भरून देत होतो. पाच गायी झाल्यावर तिला उठता येईना. गुडघे खरंच गेलेत. मी हात दिला. ती उठली नाही, तशीच बसून राहिली आणि गायीच्या पायाला डोकं टेकून रडायला लागली. आवाज न करता. गाय हलली नाही.

मी बाजूला उभा होतो. छातीच्या खाली दुखायला लागलं. आधी वाटलं पित्त असेल. मग वाटलं, वाईट वाटणं म्हणतात ते हेच असणार. फार दिवसांनी झालं म्हणून ओळखू आलं नाही. हिच्या वेळेला का झालं नाही, कोण जाणे.

ती खोटं बोलली होती. विकणार वगैरे काही नव्हती. उरलेल्या सहा मी धुतल्या. कालवडसुद्धा धुतली.

१४ एप्रिल, सोमवार

आज सुट्टी, पण साथीमुळे ऑफिस चालू. ते उघडायच्या आधीच जाऊन बसलो. मोठे साहेब आले, म्हणाले, "गाडीचं बघतोय, दुपारपर्यंत निघेल."

म्हटलं, "गाडी पाठवू नका. ताईने एकवीस मार्चला सकाळी सात वाजता कळवलं होतं. मला. मी खात्याचाच माणूस, म्हणजे खात्याला कळवल्यासारखंच आहे. मी डांबराचा वास असेल म्हटलं आणि गेलो नाही. कालवड चौकीवरून मीच सोडली, डांबर न खरवडता. मला वास येत नाही, पंधरा महिने झाले. मी ते लपवलं."

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे नोकरी गेली समजा. पेन्शनचंही सांगता येत नाही."

"माहीत आहे."

"पण बाईंनी तर सही करून दिलंय की कोणालाच सांगितलं नाही."

"खोटं सांगितलंय."

"स्वतःच्या बारा गायी घालवून? एवढं खोटं कोण कशाला बोलेल?"

मी म्हटलं, "मी लहान आहे तिच्यापेक्षा, म्हणून."

साहेबांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग फोन उचलून गाडी थांबवायला सांगितलं, ताईचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी अठरा मार्चपासून लिहायला घेतलं.